तिकीट एकाचे, फी दुसऱ्याची

शिष्यवृत्तीचा परिणाम मोजायचा झाला तर आपण निकालपत्रे चाळू, पदवीधर मोजू. जॉर्जिया विद्यापीठातल्या ख्रिस्तोफर कॉर्नवेल आणि डेव्हिड मस्टर्ड या दोन अर्थशास्त्रज्ञांनी ते केलेच, पण त्याखेरीज राज्यातल्या काउंट्यांमधली मोटारींची नोंदणीही तपासली. जॉर्जियात त्या काळी एक गोष्ट सर्रास बोलली जाई. बारावी झालेल्या मुलाला आईबाप सांगत, 'दुसऱ्या राज्यात जाऊ नकोस. इथेच शिक, फी सरकार भरेल, वाचलेल्या पैशात तुला गाडी घेऊ.' ही नुसती पारावरची गप्प आहे की तिच्यात काही तथ्य आहे, हे या दोघांना पाहायचे होते. 2007 साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. शिष्यवृत्तीनंतर गाड्यांची नोंदणी वाढली होती, आणि ती वाढ मुख्यतः सुखवस्तू काउंट्यांतली होती.

ही शिष्यवृत्ती म्हणजे 'होप'. तिचा सगळा पैसा राज्याच्या लॉटरीतून येतो. अमेरिकेत लॉटरीवर चालणाऱ्या शिष्यवृत्त्यांची जी रांग पुढे लागली, तिच्या डोक्याशी जॉर्जिया उभे आहे. लॉटरी म्हणजे जुगार आणि शिक्षण म्हणजे पुण्यकर्म, तेव्हा पापाच्या पैशातून पुण्य करावे का, असा वाद यावर नेहमी घातला जातो. मला तो फारसा कामाचा वाटत नाही. दारूवरच्या कराने शाळा चालतात आणि त्याची कुणाला लाज वाटत नाही. माझा प्रश्न साधा आहे. हा पैसा कुणाच्या खिशातून निघतो, कुणाच्या खिशात जातो, आणि मधल्या वाटेत विद्यार्थी जसा वागतो तसा तो का वागतो?

झेल मिलर 1990 साली जॉर्जियाच्या गव्हर्नरपदाला उभे राहिले. डोंगराळ भागातल्या यंग हॅरिस नावाच्या छोट्या गावचे. वडील त्यांच्या जन्मानंतर काही दिवसांतच वारले, आईने वाढवले. मरीन दलात काम केले, कॉलेजात शिकवले. निवडणुकीत त्यांचा मुद्दा एकच होता, तो म्हणजे लॉटरी. प्रचाराची सूत्रे जेम्स कारव्हिल यांच्याकडे होती. पुढे 1992 मध्ये क्लिंटन यांना निवडून आणणारे तेच कारव्हिल. त्यांनी 1987 मध्ये केंटकीत वॉलेस विल्किन्सन यांना लॉटरीच्याच घोषणेवर जिंकवले होते, म्हणजे औषध आधीच लागू पडलेले होते. मिलर यांनी पक्षांतर्गत लढतीत अटलांटाचे माजी महापौर अँड्र्यू यंग यांना हरवले आणि मग निवडणूकही जिंकली. पण लॉटरीसाठी राज्यघटना बदलावी लागणार होती आणि बॅप्टिस्ट चर्चचा तिला कडाडून विरोध होता. नोव्हेंबर 1992 च्या सार्वमतात ती जेमतेम 52 टक्के मतांनी तरली. जून 1993 मध्ये तिकिटे विक्रीला आली आणि सप्टेंबरात पहिल्या विद्यार्थ्यांची फी भरली गेली.

मिलर यांचे खरे राजकीय कसब यापुढचे आहे. आधीच्या राज्यांनीही 'शिक्षणासाठी लॉटरी' म्हटले होते, पण तो पैसा शिक्षणखात्याच्या एकूण अंदाजपत्रकात जाऊन मिसळे. लॉटरीतून जेवढे आले तेवढे तिजोरीतून कमी दिले जाई आणि शाळेला काही कळतही नसे. फ्लोरिडात हेच झाल्याची ओरड होती. जॉर्जियाने पैसा नावानिशी बांधला. बालवाडीपूर्व वर्ग, शाळांतले संगणक आणि होप, एवढ्याच कामांना तो मिळणार, आणि आधीच्या खर्चाच्या जागी नव्हे तर त्यावर भर म्हणून. त्यामुळे लॉटरीचा पैसा कुठे जातो हे विचारायला कुणाला सचिवालयात जावे लागत नव्हते. शेजारच्या मुलाची फी भरली गेली, हे गल्लीला दिसत होते.

शेजारच्या राज्यांनाही ते दिसले. साउथ कॅरोलिनात 1998 च्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत जिम हॉजेस यांच्या प्रचारात 'बबा' नावाचे एक पात्र होते. जॉर्जियातल्या पेट्रोलपंपावरच्या दुकानातला हा विक्रेता टीव्हीवर साउथ कॅरोलिनाच्या लोकांचे तोंडभरून आभार मानत असे: तुम्ही सीमा ओलांडून येता, आमची तिकिटे घेता, त्यावर आमची पोरे शिकतात, असेच येत राहा! हॉजेस जिंकले आणि काही वर्षांत साउथ कॅरोलिनाची स्वतःची लॉटरी सुरू झाली. टेनेसीची 2004 मध्ये आली. अलाबामात मात्र डॉन सीगलमन याच आश्वासनावर गव्हर्नर म्हणून निवडून आले आणि 1999 च्या सार्वमतात मतदारांनी लॉटरीच फेटाळली. खुद्द क्लिंटन यांनी 1997 मध्ये आणलेल्या शिक्षणखर्चावरच्या करसवलतीला 'होप' हेच नाव दिले.

आता अटींकडे येऊ, कारण माझ्या मते सगळी मेख तिथे आहे. शाळेत सरासरी 'बी' श्रेणी, म्हणजे चारपैकी तीन गुण, मिळवा. राज्यातल्या सरकारी महाविद्यालयाची पूर्ण शिक्षणफी माफ, शिवाय पुस्तकांना थोडे पैसे. कॉलेजात गेल्यावर 'बी' टिकवा. टिकले नाही तर शिष्यवृत्ती बंद. पहिल्या वर्षी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा होती 66 हजार डॉलर. दुसऱ्या वर्षी ती एक लाख झाली आणि 1995 मध्ये पार उडवली गेली. तिकिटे अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त खपली होती. हाती आलेला जादा पैसा खालच्या दिशेने न्यायचा की वरच्या, हे ठरवायची वेळ आली आणि राज्याने वरची दिशा निवडली. डॉक्टरच्या मुलाला आणि शिपायाच्या मुलाला एकच नियम, यात समता आहे असे तेव्हा सांगितले गेले.

प्रत्यक्षात नियम एकच नव्हता. अमेरिकेत गरीब विद्यार्थ्यांना केंद्र सरकारचे 'पेल' अनुदान मिळते. जॉर्जियाने ठरवले की ज्याला पेल मिळते त्याच्या होपमधून तेवढी रक्कम कापायची. म्हणजे अत्यंत गरीब मुलाने 'बी' मिळवली तरी त्याच्या हाती पडत पुस्तकांचे 400 डॉलर, आणि सधन घरच्या मुलाची सगळी फी माफ. ही कपात 2000 सालापर्यंत चालली. सुझन डायनार्स्की या अर्थतज्ज्ञ बाईंनी तर अर्जांकडेही लक्ष वेधले. वर्षाला 50 हजार डॉलरपेक्षा जास्त कमावणाऱ्या घराने एक पानी अर्ज भरायचा. त्याखालच्या घराने केंद्राचा चार पानी अर्ज भरायचा, उत्पन्नाच्या सगळ्या तपशिलांसकट. ज्याला मिळायचे जास्त त्याला कागद कमी. सरकारी कचेरीत कधी उत्पन्नाचा दाखला काढायला उभे राहिलेल्या कुणाही मराठी माणसाला हे वाचून फार आश्चर्य वाटू नये.

पैसा येतो कुठून, हे शोधायला फार खोल जावे लागत नाही. रॉस रुबेनस्टीन आणि बेंजामिन स्कॅफिडी यांनी 2002 साली जॉर्जियाच्या लॉटरीचा दुहेरी हिशेब मांडला: तिकिटे कोण घेते आणि लाभ कोण घेते. कमी उत्पन्नाची आणि गौरेतर कुटुंबे तिकिटांवर जास्त खर्च करत होती आणि होपचा लाभ त्यांना कमी मिळत होता. शिवाय तिकिटाच्या एका डॉलरपैकी जेमतेम पाव डॉलर शिक्षणाकडे जातो. कायद्यात लक्ष्य आहे शक्यतो 35 टक्क्यांचे. बाकीचा पैसा बक्षिसे, दुकानदारांचे कमिशन, जाहिराती यांत जातो. लॉटरीवाल्यांचे म्हणणे असे की बक्षिसे वाढवली तर खप वाढतो, आणि टक्का कमी झाला तरी रक्कम फुगते. हिशेबाने ते चूकही नाही. आजवर 25 अब्ज डॉलरहून जास्त पैसा यातून शिक्षणाला गेला आहे. पण फी भरायला एक डॉलर उभा करण्यासाठी कुणाच्या तरी हातून चार डॉलर तिकिटांवर खर्च व्हावे लागतात, आणि ते हात बहुतेक वेळा फी भरली जाणाऱ्या घरातले नसतात.

आणि तरी जॉर्जियात यावर कधी बंड झाले नाही. मला वाटते, त्याचे कारण योजनेच्या दोन टोकांच्या जोडणीत आहे. कर म्हटला की तो कुणीतरी भरतो. तिकीट मात्र माणूस आपखुशीने घेतो, त्यामुळे तो पैसा कुणाचाच वाटत नाही, जणू आकाशातून पडला. दुसऱ्या टोकाला मुलगा म्हणतो, मी 'बी' मिळवली, हे माझ्या कष्टाचे आहे. पैसा कुणाचा नाही आणि लाभ माझ्या लायकीचा! देणारा आणि घेणारा एकमेकांना कधी दिसतच नाहीत. गुणवत्तेची अट नसती तर लोकांनी घेणाऱ्याकडे बोट दाखवले असते. लॉटरीऐवजी कर असता तर देणाऱ्याने आवाज केला असता. दोन्ही एकत्र आल्यामुळे योजना बंद करणे कुठल्याही पक्षाला परवडेनासे झाले.

मग मुले जास्त शिकली का? डायनार्स्की यांनी 2000 साली जॉर्जियाची शेजारच्या दक्षिणी राज्यांशी तुलना करून दाखवले की कॉलेजात जाणाऱ्यांचे प्रमाण सात ते आठ टक्क्यांच्या अंकांनी वाढले. हा आकडा मोठा आहे. पण त्याच अभ्यासात गोरे आणि काळे, सधन आणि गरीब यांच्यातली दरी रुंदावल्याचेही दिसले. कॉर्नवेल आणि मस्टर्ड यांनी दीपा श्रीधर यांच्याबरोबर प्रवेशाचे आकडे तपासले तेव्हा चित्र आणखी बदलले. नव्या प्रवेशांत सुमारे सहा टक्के वाढ झाली होती. चार वर्षांच्या महाविद्यालयांपुरते बोलायचे तर त्या वाढीपैकी जवळजवळ दोन तृतीयांश मुले अशी होती की जी एरवीही कॉलेजात गेलीच असती, फक्त दुसऱ्या राज्यात. म्हणजे लॉटरीच्या पैशाने त्यांचे शिक्षण विकत घेतले नव्हते, त्यांचा पत्ता विकत घेतला होता. गाडीचे गणित इथे जुळते.

पदवीच्या बाबतीत तर अर्थतज्ज्ञांतच वाद झाला. डायनार्स्की यांनी 2008 मध्ये जॉर्जिया आणि आर्कान्सा यांच्या आकड्यांवरून पदवीधरांत सुमारे तीन टक्क्यांच्या अंकांची वाढ दाखवली. डेव्हिड शोक्विस्ट आणि जॉन विंटर्स यांनी 2012 मध्ये जनगणनेचा मोठा नमुना घेऊन तेच गणित पुन्हा मांडले, तर वाढ म्हणावी असे काही उरले नाही. ज्या योजनेवर अब्जावधी खर्च झाले तिने पदवीधर वाढवले की नाही यावर चांगले अभ्यासक एकमत होऊ शकत नसतील, तर वाढ असलीच तर ती लहान असणार, असे मी समजतो. राज्याला एक फायदा निर्विवाद झाला. हुशार मुले घरी थांबली, आणि अथेन्स गावातल्या जॉर्जिया विद्यापीठात प्रवेश मिळणे अवघड होत गेले. ज्या राज्यात जवळपास एक तृतीयांश लोक काळे आहेत, तिथल्या या अग्रगण्य विद्यापीठात काळे विद्यार्थी दहा टक्क्यांहून कमी आहेत.

मला स्वतःला सर्वांत रोचक वाटतो तो विद्यार्थ्यांच्या वागण्याचा भाग. होप टिकवायला सरासरी 'बी' हवी. किती विषय घेतले याला बंधन नाही. तपासणी ठरावीक श्रेयांकांनंतर होणार: तीस, साठ, नव्वद. मुलांना हे समजायला वेळ लागला नाही. जॉर्जिया विद्यापीठाच्या नोंदींत दिसले की ज्यांना शिष्यवृत्ती लागू होती ती मुले सत्रात कमी विषय घेऊ लागली, जड विषय मध्येच सोडू लागली आणि उन्हाळी वर्गांकडे वळू लागली, कारण तिथे गुण सैल मिळतात असा समज होता. शोक्विस्ट आणि विंटर्स यांना पुढे असेही आढळले की अशा योजनांच्या राज्यांत विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताकडे जाणारे विद्यार्थी कमी झाले. भौतिकशास्त्रात 'सी' मिळाली तर हजारो डॉलर जाणार असतील, तर अठरा वर्षांचा शहाणा मुलगा भौतिकशास्त्राच्या वाटेला कशाला जाईल? त्याला आळशी म्हणणे अन्यायाचे आहे. तो नियम वाचत होता. अखेर 2016 मध्ये विधिमंडळाने कायदा केला आणि 2017 पासून अशा काही कठीण विषयांत बी, सी किंवा डी मिळालेल्याला सरासरी काढताना अर्धा गुण वरून देण्यात येऊ लागला. चोवीस वर्षांनी कुठे नियमाला नियमाचे ठिगळ लागले.

वेस्ट व्हर्जिनियाने 2002 मध्ये 'प्रॉमिस' सुरू केली तेव्हा अट वेगळी लावली. तिचाही बराच पैसा सरकारी जुगारयंत्रांतून येतो. तिथे सरासरी तर हवीच, पण दरवर्षी तीस श्रेयांक पुरे केलेच पाहिजेत. ज्युडिथ स्कॉट-क्लेटन यांनी 2011 मध्ये दाखवले की चार वर्षांत पदवी पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण तिथे सुमारे सात टक्क्यांच्या अंकांनी वाढले. पण त्यांच्या अभ्यासातले सोन्यासारखे निरीक्षण पुढेच आहे. पहिली तीन वर्षे मुले नेमके तीस श्रेयांक गाठत होती. चौथ्या वर्षी शिष्यवृत्ती चालूच होती, पण पुढे नूतनीकरण नसल्याने अट संपली होती. त्या वर्षी शिष्यवृत्ती नसलेल्यांत आणि यांच्यात फरकच उरला नाही. म्हणजे निकाल बदलला तो पैशापेक्षा अटीने. जॉर्जियात अटीने मुले मागे ओढली, इथे पुढे ढकलली. पैसा दोन्हीकडे जुगाराचाच होता.

अटीचे सर्वांत कठोर प्रात्यक्षिक जॉर्जियाने 2011 मध्ये स्वतःवरच करून घेतले. फी भराभर वाढत होती आणि लॉटरीचे उत्पन्न तिला पुरेना. गव्हर्नर नेथन डील यांनी योजना छाटली. होपची रक्कम फीच्या ठरावीक भागापुरती आली आणि पुस्तकांचे पैसे बंद झाले. पूर्ण फीसाठी 'झेल मिलर शिष्यवृत्ती' नावाचा वरचा मजला बांधला गेला: 3.7 सरासरी आणि प्रवेशपरीक्षेत 1200 गुण. त्या मजल्यावर कुठल्या शाळांची मुले पोचली हे सांगायला नकोच. विरोधी पक्षाच्या नेत्या स्टेसी एब्रम्स यांनी वाटाघाटी करून बालवाडीपूर्व वर्गांचा पूर्ण दिवस वाचवला, आणि 2018 मध्ये त्यांच्या स्वतःच्याच पक्षातल्या प्रतिस्पर्धी बाईंनी त्यांच्यावर हीच तडजोड उलटवली.

या गदारोळात एका कलमाकडे फार कुणाचे लक्ष नव्हते. होपला एक धाकटे भावंड आहे, 'होप ग्रँट'. ती वेल्डिंग, नर्सिंग सहायक, वाहनदुरुस्ती असे अभ्यासक्रम शिकवणाऱ्या तांत्रिक महाविद्यालयांतल्या मुलांसाठी. तिला तोवर 'बी'ची अट नव्हती. 2011 मध्ये तिथेही 3.0 ची अट आली. हजारो विद्यार्थ्यांची मदत गेली आणि तांत्रिक महाविद्यालयांची पटसंख्या घसरली. सत्रपद्धतीतले बदल, सुधारत चाललेला रोजगार ही कारणेही त्यात होती, पण घसरण इतकी होती की खुद्द डील यांनीच 2013 मध्ये ती अट पुन्हा 2.0 वर आणली. पुढे मागणी असलेल्या कामांचे शिक्षण पूर्ण फुकट करणारी वेगळी जोडही दिली. विद्यापीठातल्या मुलाची होप कमी झाली तर त्याच्या घरी चिडचिड होते. तांत्रिक महाविद्यालयातल्या बाईची ग्रँट गेली तर ती शिकणेच सोडते. लॉटरीचा डॉलर नेमका कुठे कुणाचे आयुष्य वळवतो, याचे याहून स्पष्ट उत्तर माझ्या वाचनात आलेले नाही.

या गोष्टीत मराठी माणसेही आहेत. अटलांटाच्या उत्तरेकडच्या अल्फारेटा, जॉन्स क्रीक या उपनगरांत संगणकक्षेत्रातली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. तिथल्या शाळा उत्तम, मुले अभ्यासू, आणि झेल मिलर शिष्यवृत्तीवर जॉर्जिया टेक या तंत्रविद्यापीठात जाणे हा दिवाळीच्या फराळावरचा नेहमीचा विषय. त्याच शहरात लॉटरीची तिकिटे विकणाऱ्या कितीतरी दुकानांच्या गल्ल्यावर गुजराती माणूस बसलेला असतो. पण याच मराठी घरांत एक उपेक्षितही आहे. होप मिळते ती नागरिकाला किंवा ग्रीन कार्डवाल्याला. आईवडील एच-वन व्हिसावर आणि ग्रीन कार्डच्या रांगेत अडकलेले असतील, तर लहानपणापासून जॉर्जियाच्या शाळेत शिकलेल्या, 4.0 सरासरीच्या मुलालाही ती मिळत नाही. लायकीची भाषा इथे अचानक मुकी होते.

आपल्याकडे महाराष्ट्र राज्य लॉटरी 1969 पासून आहे. मटक्याकडे जाणारा पैसा सरकारकडे वळावा हा तिचा एक हेतू होता. तिचे उत्पन्न तिजोरीत जाते, आणि शिष्यवृत्त्या बहुतेक जात आणि उत्पन्न यांच्या दाखल्यांवर चालतात. केरळने कारुण्य लॉटरी काढून तिचा पैसा गरिबांच्या उपचारांना बांधला, तसे इथे शिक्षणासाठी करावे असे कुणी सुचवले तर माझा त्याला विरोध नाही. फक्त त्याने आधी अर्जाची पाने मोजावीत.

जॉर्जियात या सगळ्यातून सर्वांत जास्त शिकले ते अटलांटातले जॉर्जिया स्टेट विद्यापीठ, हे माझे मत. तिथले बहुसंख्य विद्यार्थी गरीब आणि काळे किंवा लॅटिनो. सत्राची थोडी फी थकली म्हणून नाव कमी होणारी, आणि एका वाईट सत्रात होप गमावणारी मुले तिथे ढिगाने होती. विद्यापीठाने नोंदी तपासल्या आणि 2011 पासून अशा थकबाकीदारांच्या खात्यात, त्यांनी अर्ज करण्याची वाटही न पाहता, छोटी रक्कम भरायला सुरुवात केली. बहुतेकदा हजार डॉलरच्या आतबाहेर. होप गमावलेल्यांसाठी 'कीप होप अलाइव्ह' नावाची तात्पुरती मदत काढली, सोबत सल्लागार दिला. 2003 मध्ये तिथे शंभरातले 32 विद्यार्थी सहा वर्षांत पदवी घेत. पुढच्या दशकात ते प्रमाण 50 च्या वर गेले, आणि त्यात संगणकावर प्रत्येकाची प्रगती पाहणाऱ्या सल्लागारांचाही मोठा वाटा होता.

राज्याने गरजेवर आधारलेल्या मदतीकडे वळायला 2022 साल उजाडले. त्या वर्षी अभ्यासक्रम संपत आलेल्या आणि पैशांनी अडलेल्या विद्यार्थ्यांना कमाल 2500 डॉलर देणारा कायदा झाला. पुढच्याच वर्षी गव्हर्नर ब्रायन केंप यांच्या सरकारने होपची शिक्षणफी पुन्हा शंभर टक्के केली. त्याची बातमी पहिल्या पानावर आली. ज्यांची सरासरी 3.0 नाही, त्यांच्या चार वर्षांच्या शिक्षणाला लॉटरीच्या भल्यामोठ्या राखीव निधीतून किती द्यायचे, ही चर्चा त्यानंतरही विधिमंडळाच्या समितीच्या खोल्यांतच घुटमळत राहिली.